ग्राहकच मालक : मिग्रोची शंभर वर्षे

स्वित्झर्लंडमधील मिग्रो या संस्थेने १५ ऑगस्ट २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण केली. देशाची लोकसंख्या जेमतेम ९० लाख आणि मिग्रोच्या सभासदांची संख्या २० लाखांहून अधिक. गावातल्या छोट्या दुकानापासून शहराबाहेरच्या भव्य महाबाजारापर्यंत नारिंगी रंगाचे ‘एम’ हे अक्षर तिथे घराघरांच्या ओळखीचे आहे. ‘आम्ही मिग्रोची मुले’ किंवा, कोऑप या स्पर्धक साखळीच्या नावाने, ‘आम्ही कोऑपची मुले’ असे तिथली माणसे अभिमानाने सांगतात. आईने कोणत्या दुकानातून घरात सामान आणले यावरून ही ओळख ठरते. २०२४ साली मिग्रो समूहाची उलाढाल सुमारे ३२.५ अब्ज फ्रँक होती आणि जवळपास एक लाख माणसे समूहात काम करत होती.

मिग्रोचे मोठेपण मात्र या आकड्यांपुरते नाही. एवढ्या मोठ्या व्यापाराचा मालक कोणी उद्योगपती नाही आणि शेअर बाजारातला गुंतवणूकदारही नाही. दुकानात पिशवी घेऊन येणारा ग्राहक हाच तिचा सभासद आणि मालक. एक सभासद, एक मत. एका माणसाची खाजगी कंपनी लाखो कुटुंबांच्या मालकीची कशी झाली आणि त्या कुटुंबांनी ती शतकभर कशी सांभाळली, याची ही हकीकत आहे. सहकाराच्या मातीत वाढलेल्या मराठी वाचकाला ती आपलीशी वाटेल.

पूर्वपीठिका

संस्थापक गॉटलीब डुटवाइलर यांचा जन्म १५ ऑगस्ट १८८८ रोजी झुरिक येथे झाला. वडील झुरिकच्या एका ग्राहक सहकारी संस्थेचे व्यवस्थापक असल्याने सहकाराचा विचार घरातच होता. मुलाने मात्र घाऊक व्यापाराची वाट धरली. फिस्टर यांच्या पेढीत उमेदवारी करून पुढे ते त्याच पेढीचे भागीदार झाले. कॉफी, खाद्यतेल, धान्य अशा मालाच्या खरेदीसाठी त्यांनी दूरदूरची बंदरे पालथी घातली. पहिल्या महायुद्धानंतर भाव कोसळले आणि १९२३ मध्ये पेढी गुंडाळावी लागली. घेणेकऱ्यांची देणी चुकवण्यासाठी डुटवाइलर यांनी स्वतःची मालमत्ता विकली आणि पत्नी आडेले यांच्यासह ब्राझील गाठले.

तिथे त्यांनी कॉफीचा मळा केला. आडेले यांची प्रकृती त्या हवामानात साथ देईना, तेव्हा दोघे मायदेशी परतले. परतताना एक हिशेब डुटवाइलर यांच्या मनात पक्का झाला होता. मळेवाल्याच्या हातात पडणारा भाव आणि झुरिकच्या गृहिणीने मोजलेला भाव यांत प्रचंड अंतर होते. हे अंतर मधल्या हातांचे, साठवणुकीचे आणि दुकानाच्या खर्चाचे होते. ते कमी करता येईल का, या प्रश्नातून मिग्रोचा जन्म झाला. घाऊक आणि किरकोळ यांच्या मधली किंमत, हेच संस्थेच्या नावातही आले.

१९२५ ते १९३० : पाच गाड्या, सहा जिन्नस

वयाला ३७ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९२५ रोजी, एक लाख फ्रँकच्या भांडवलावर डुटवाइलर यांनी कंपनी स्थापन केली. दहा दिवसांनी फोर्डच्या पाच मालगाड्या झुरिकच्या रस्त्यांवर आल्या. दुकान नव्हते, फळी नव्हती, काचेचे कपाटही नव्हते. गाडीत सहाच जिन्नस होते : कॉफी, तांदूळ, साखर, शेवयांसारखे पास्त्याचे पदार्थ, खोबरेल आणि साबण. शहरात १७८ थांबे ठरवले होते. गाडी ठरल्या वेळी यायची, काही मिनिटे थांबायची, माल रोखीने विकायची आणि पुढे जायची.

विक्रीची रीतही विचारपूर्वक बसवली होती. इतर दुकानदार वजन पूर्ण ठेवत आणि किंमत सुटी लावत. मिग्रोने किंमत पूर्णांकात ठेवली आणि त्या किमतीत बसेल तेवढे वजन पाकिटात भरले. सुट्या पैशांचा घोळ टळला आणि थोड्या वेळात अधिक गिऱ्हाइके होऊ लागली. गाडी सुरू होण्याआधी वाटलेल्या पत्रकात, घरखर्चाचा हिशेब ज्यांना करावा लागतो अशा गृहिणींनाच थेट आवाहन केले होते. त्या काळच्या व्यापारात ही गोष्ट नवी होती. गिऱ्हाइकाच्या बुद्धीवर विश्वास ठेवून, भाव कमी का आहे हे त्याला समजावून सांगण्याचे काम मिग्रोने पहिल्या दिवसापासून केले.

विरोध लगेच सुरू झाला. दुकानदारांच्या संघटना आणि जुन्या ग्राहक संस्था खवळल्या. अनेक उत्पादकांनी माल देणे नाकारले. काही प्रांतांनी आणि नगरपालिकांनी फिरत्या गाड्यांवर भरमसाठ कर बसवले. पण गृहिणी गाडीची वाट पाहतच राहिल्या. १९२६ मध्ये झुरिकच्या आउसश्टेलुंगश्ट्रासे या रस्त्यावर पहिले दुकान उघडले आणि पुढच्या काही वर्षांत इतर शहरांतही पाय रोवले गेले.

उत्पादकांच्या बहिष्काराला संस्थेने कारखान्याने उत्तर दिले. १९२८ मध्ये झुरिक सरोवराकाठच्या माइलेन येथील, फळांचे मद्यविरहित रस बनवणारा अडचणीत आलेला कारखाना विकत घेण्यात आला. माल मिळत नसेल तर आपण तो बनवू, हा निर्धार त्यामागे होता. मद्यविक्रीपासून दूर राहण्याचा निर्णयही त्याच सुमाराचा. कमी भावात दारू घरोघर पोहोचवणे हे कुटुंबाच्या हिताचे नाही, अशी त्यामागची भूमिका होती. तंबाखूलाही तोच नियम लागू झाला. या दोन वस्तूंवरचा नफा मिग्रोने कायमचा सोडून दिला.

१९३० ते १९४० : बंदीचे दशक

जागतिक मंदीच्या या दशकात संस्थेची खरी परीक्षा झाली. मिग्रोने स्वतःच्या कारखान्यांत प्रसिद्ध वस्तूंना पर्याय तयार केले. ओव्होमाल्टिनला पर्याय म्हणून ऐमाल्झिन आले, कॉफी हागच्या जोडीला मिग्रोची कॅफीनविरहित कॉफी आली. बड्या उत्पादकांनी खटले भरले. जाहिरातीवरचा खर्च वगळला तर तोच दर्जा किती स्वस्तात देता येतो, याची जाहीर चर्चा या खटल्यांमुळे घडली.

१९३२ मध्ये बर्लिनमध्ये फिरत्या गाड्यांचा उपक्रम सुरू झाला, पण नाझी राजवट आल्यावर तो बंद करावा लागला. घरातही संकट उभे होते. १४ ऑक्टोबर १९३३ रोजी स्विस संघराज्याने साखळी दुकानांच्या नव्या शाखा उघडण्यावर बंदी घातली. लहान दुकानदारांना वाचवण्यासाठी तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा १९४५ च्या अखेरपर्यंत लागू राहिला. बारा वर्षे मिग्रोच्या वाढीचा सरळ रस्ता बंद होता.

या बारा वर्षांत संस्था आडवाटांनी वाढली. १९३७ मध्ये स्वतंत्र छोट्या दुकानदारांना मिग्रोचा माल पुरवण्याची योजना निघाली. ज्यांच्या संरक्षणासाठी बंदी आली होती, त्यांतलेच काही जण मिग्रोचे सहकारी झाले. १९३५ मध्ये हॉटेलप्लान ही सहल संस्था सुरू झाली. मंदीमुळे हॉटेले ओस पडली होती आणि सामान्य माणसाला सुटीवर जाणे परवडत नव्हते. प्रवास, मुक्काम आणि जेवण एकाच माफक दरात बसवून तिने दोघांचीही सोय केली. किराण्याला लावलेला हिशेब सुटीला लावून पाहिला आणि तो तिथेही बरोबर ठरला.

कायद्याच्या बळावर होणारा विरोध कायदेमंडळातच अडवला पाहिजे, या विचाराने डुटवाइलर १९३५ च्या निवडणुकीत उतरले आणि त्यांच्यासह सात अपक्ष निवडून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी लांडेसरिंग हा पक्ष स्थापन केला. ‘डी टाट’ हे वृत्तपत्रही याच काळातले.

१९४० ते १९५० : कंपनीची सहकारी संस्था

मिग्रोच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९४१ हे होय. युद्ध ऐन भरात होते. चहूबाजूंनी वेढलेल्या देशात पुढे काय होईल हे कोणालाच सांगता येत नव्हते. डुटवाइलर दांपत्याला मूल नव्हते. सोळा वर्षांत उभा केलेला हा व्यवसाय उद्या कोणाच्या हाती जाईल, याचा विचार करून दोघांनी तो ग्राहकांनाच देऊन टाकला. कंपनीचे रूपांतर प्रादेशिक सहकारी संस्थांमध्ये झाले आणि त्यांचा शिखर संघ झुरिकमध्ये स्थापन झाला. नियमित ग्राहकांना प्रत्येकी ३० फ्रँकचे भाग विनामूल्य मिळाले. एवढ्या मोठ्या निर्णयावर सहकाऱ्यांमध्ये चर्चा झाली, शंकाही निघाल्या. पण अखेरीस सर्वांनी मिळून तो यशस्वी केला.

या निर्णयाचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्यायला हवा. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये. मिग्रोच्या सभासद स्त्रीला मात्र १९४१ पासून संस्थेच्या ताळेबंदावर आणि धोरणावर मत देता येत होते. ज्या गृहिणींच्या भरवशावर फिरत्या गाड्या तगल्या, त्या देशाच्या आधी दुकानाच्या मतदार झाल्या.

सभासदांशी संवाद ठेवण्यासाठी १९४२ मध्ये ‘वीर ब्र्युकेनबाउअर’ हे साप्ताहिक सुरू झाले. आज तेच मिग्रो मॅगझिनच्या रूपात घरोघर जाते. १९४४ मध्ये क्लबशाळा सुरू झाल्या. सुरुवात भाषावर्गांनी झाली. युद्धाने सीमा बंद असताना सामान्य कामगाराला, कारकुनाला, गृहिणीला परवडेल अशा शुल्कात परकी भाषा शिकता येऊ लागली. १९४६ मध्ये डुटवाइलर दांपत्याने रुश्लिकोन येथील आपली विस्तीर्ण जागा जनतेसाठी उद्यान म्हणून देऊन टाकली. टिचिनो प्रांतातील मोंते जेनेरोसोची डोंगरी रेल्वे भंगारात निघाली होती, तीही या काळात मिग्रोमुळे वाचली.

युद्धकाळात आणि त्यानंतर देशाने अन्नधान्याचा साठा करावा म्हणून डुटवाइलर सतत आग्रह धरत राहिले. संसद आपल्या प्रस्तावाची दखल घेत नाही, हे पाहून १९४८ मध्ये त्यांनी संसद भवनाच्या खिडकीवर दगड मारला. देशभर खळबळ उडाली. लोकांच्या पोटाचा प्रश्न त्यांना किती जिव्हाळ्याचा होता, हे त्यातून दिसून आले.

त्याच वर्षी, १५ मार्च १९४८ रोजी, झुरिकच्या झायडेनगासे रस्त्यावर मिग्रोचे पहिले स्वयंसेवा दुकान उघडले. तोवर गिऱ्हाइकाने फळीसमोर उभे राहायचे, माल मागायचा आणि दुकानदाराने तो काढून द्यायचा, अशी रीत होती. आता गिऱ्हाईक टोपली घेऊन स्वतः माल निवडू लागले आणि शेवटी गल्ल्यावर पैसे देऊ लागले. या बदलाचा पाठपुरावा अर्थतज्ज्ञ डॉ. एल्सा गासर यांनी केला होता. क्राकोव्हमध्ये जन्मलेल्या, पत्रकारितेतून मिग्रोकडे आलेल्या गासरबाई डुटवाइलर यांच्या निकटच्या सल्लागार होत्या. पुढे उभ्या राहिलेल्या प्रत्येक महाबाजाराचा पाया या निर्णयात आहे. संस्थेच्या शिल्पकारांमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे.

१९५० ते १९६० : उपविधीत संस्कृती

शाखाबंदी उठली होती आणि फ्रेंच भाषक भागातही मिग्रोच्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. चॉकलेट बनवणारा आराऊचा फ्राय कारखाना १९५० मध्ये मिग्रोकडे आला. १९५४ मध्ये मिग्रोल ही इंधन कंपनी निघाली आणि पेट्रोलच्या बाजारात तोच जुना हिशेब सुरू झाला. त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये तुर्की मिग्रोची स्थापना झाली. १९७५ मध्ये ती कोच समूहाकडे गेली. आजही ती याच नावाने तुर्कस्तानातली मोठी साखळी आहे. १९५७ मध्ये मिग्रो बँकेची स्थापना झाली.

१९५० च्या अखेरीस गॉटलीब आणि आडेले डुटवाइलर यांनी पंधरा सूत्रे लिहून ठेवली. संस्थेच्या हितापेक्षा समाजाचे हित वर असले पाहिजे आणि संस्थेची आर्थिक ताकद जसजशी वाढेल तसतसे तिचे सामाजिक व सांस्कृतिक योगदानही वाढले पाहिजे, हा त्यांचा गाभा. १९५७ मध्ये हा विचार उपविधीत बांधला गेला. प्रादेशिक संस्थांनी किरकोळ विक्रीच्या उलाढालीचा अर्धा टक्का आणि शिखर संघाने आपल्या घाऊक उलाढालीचा एक टक्का संस्कृती, शिक्षण आणि समाजकार्यावर खर्च करायचा, असा नियम झाला. यालाच ‘संस्कृतीचा टक्का’ म्हणतात. रक्कम उलाढालीवर ठरते, नफ्यावर नाही. त्यामुळे व्यापार मंदावला, वर्ष तोट्याचे गेले, तरी संगीताच्या मैफली, नृत्याचे उत्सव, क्लबशाळांचे वर्ग यांची तरतूद सुटत नाही. दानधर्म बहुधा उरल्यासुरल्या पैशातून होतो. इथे तो खर्चाच्या यादीत धरलेला आहे.

१९६० ते १९७० : संस्थापकांनंतर

८ जून १९६२ रोजी डुटवाइलर यांचे निधन झाले. एका व्यक्तीच्या प्रेरणेवर उभी राहिलेली संस्था तिच्या पश्चात टिकेल का, अशी शंका अनेकांना होती. रुडोल्फ सुटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुरा सांभाळली आणि प्रादेशिक संस्थांनी साथ दिली. १९६३ मध्ये रुश्लिकोन येथे गॉटलीब डुटवाइलर संस्थेचे उद्घाटन झाले. व्यापार, समाज आणि उपभोग यांचा स्वतंत्रपणे अभ्यास करणारे हे केंद्र आजही युरोपभर ओळखले जाते.

१९६७ मध्ये मिग्रोने नाशवंत मालाच्या वेष्टनावर विक्रीची अंतिम तारीख छापायला सुरुवात केली. दूध, लोणी, मांस किती दिवसांचे आहे हे तोवर दुकानदारालाच ठाऊक असे. आता ते गिऱ्हाइकाला वाचता येऊ लागले. पुढे ही गोष्ट सर्वत्र रूढ झाली, कायद्यांतही आली. गिऱ्हाइकाला माहिती देण्याचा जो वसा पहिल्या पत्रकाने घेतला होता, तोच इथे पुढे चालू राहिला.

१९७० ते १९८० : महाबाजारांचा काळ

घरोघर मोटारी आल्या, शीतकपाटे आली आणि लोक आठवड्याची खरेदी एकदम करू लागले. शहराबाहेर, हमरस्त्यालगत, प्रशस्त वाहनतळ असलेली खरेदी केंद्रे उभी राहिली. मिग्रोच्या दुकानांच्या तीन इयत्ता पाटीवरूनच कळतात. एक ‘एम’ म्हणजे परिसरातले किराणा दुकान, दोन ‘एम’ म्हणजे मोठा बाजार आणि तीन ‘एम’ म्हणजे महाबाजार. तिथे भाजी, मांस, दूध, पावापासून कपडे, भांडी, खेळाचे साहित्य, विजेची उपकरणे आणि बागकामाच्या अवजारांपर्यंत सारे एका छपराखाली मिळू लागले, आणि शेजारी मद्यविरहित उपाहारगृह असे. झुरिकजवळचे ग्लात्सेंट्रुम आणि बर्नजवळचे शॉपीलांड ही १९७५ मध्ये सुरू झालेली केंद्रे या काळाची साक्ष आहेत.

एवढ्या मोठ्या दुकानांना माल पुरवायचा तर मागची यंत्रणाही तेवढीच भक्कम लागते. एस्ताव्हाये येथील दुग्धप्रकल्प, कुर्तपँ येथील मांसप्रक्रिया, योवाच्या बेकऱ्या, आप्रोचे पाणी आणि बिशोफ्सत्सेल येथील खाद्यप्रक्रिया असे कारखान्यांचे जाळे विणले गेले. सुऱ्ह आणि नॉयेनडोर्फ येथील मध्यवर्ती गोदामांतून माल देशभर जाऊ लागला. त्यातला मोठा भाग रेल्वेने जातो. डोंगराळ देशात रस्त्यांवरचा भार हलका करणारी ही पद्धत मिग्रोने नेटाने टिकवली. पहाटे शेल्फ भरणारे, शीतगृहात उभे राहणारे, गल्ल्यावर दिवसभर हसतमुखाने काम करणारे हजारो हात या काळात संस्थेत आले. महाबाजार त्यांच्याच बळावर चालले.

१९८० ते १९९० : आत्मपरीक्षण

पिएर आर्नोल्ड यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने निरोगी शेतीमाल आणि प्राण्यांची योग्य निगा या विषयांकडे लक्ष दिले. १९८० च्या अंतर्गत निवडणुकीत सभासदांच्या एका गटाने संस्थेच्या दिशेबद्दल वेगळे विचार मांडले. मतदान झाले, कौल मिळाला, आणि पर्यावरणाविषयी त्या वेळी निघालेले प्रश्न पुढील काळात संस्थेच्या कामात जागा मिळवत गेले. सहकारी संस्थेत असा प्रश्न विचारता येतो, हेच तिचे बळ.

याच दशकात मिग्रोचा आइस टी घराघरांत पोहोचला आणि शाळकरी पोरांच्या सहलींचा अविभाज्य भाग झाला. १९९० मध्ये आडेले डुटवाइलर यांचे निधन झाले. पतीच्या पश्चात जवळजवळ तीन दशके त्यांनी संस्थेवर मायेचे लक्ष ठेवले होते.

१९९० ते २०००

या दशकात काही प्रयोग फळाला आले, काही आले नाहीत. ऑस्ट्रियात टाकलेले पाऊल लवकरच मागे घ्यावे लागले. देशात मात्र दोन उपक्रमांनी मूळ धरले. १९९६ मध्ये साध्या वेष्टनातला, अगदी कमी भावाचा ‘एम-बजेट’ माल आला. मर्यादित उत्पन्नाच्या घरांसाठी आणलेल्या या मालाला तरुणांनीही आपलेसे केले. १९९७ मध्ये खरेदीवर सवलतीचे गुण देणारे ‘कुमुलुस’ कार्ड सुरू झाले. त्याच वर्षी ग्लोबुस हा प्रतिष्ठित दुकानसमूह मिग्रोकडे आला. १९९६ मध्ये झुरिकच्या जुन्या ल्योव्हेनब्रॉय मद्यनिर्मितीच्या वास्तूत समकालीन कलेचे मिग्रो संग्रहालय उघडले. सार्वजनिक पैशाविना चालणारे हे संग्रहालय ‘संस्कृतीच्या टक्क्या’तून उभे आहे. डुटवाइलर यांच्या लांडेसरिंग पक्षाने १९९९ मध्ये आपले काम संपवले.

२००० ते २०१० : नवे स्पर्धक

२००५ मध्ये आल्दी आणि २००९ मध्ये लिडल या जर्मन साखळ्या स्वित्झर्लंडमध्ये आल्या. एकेकाळी स्वस्ताईसाठी ज्या संस्थेवर बंदी आली, तिलाच आता स्वस्ताईचे आव्हान मिळाले. मिग्रोने भाव उतरवले आणि २००७ मध्ये डेनर ही सवलतीची साखळी समूहात घेतली. डेनर स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पद्धतीने चालते. तिथे मद्य मिळते, मिग्रोच्या दुकानात मात्र जुना नियम कायम राहिला. ऑनलाइन किराण्याचे लेशॉप २००६ मध्ये मिग्रोचे झाले. २००८ मध्ये वास्तुविशारद डॅनियल लिबेस्किंड यांनी रचलेले बर्नचे वेस्टसाइड केंद्र उघडले. २००७ मध्ये फिरत्या विक्रीची शेवटची गाडी थांबली. ज्या चाकांवर संस्था उभी राहिली, त्यांनी ८० हून अधिक वर्षे डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत सेवा दिली. त्या चालकांचे आणि विक्रेत्यांचे ऋण मोठे आहे.

२०१० ते २०२५ : मूळ कामाकडे

२०१५ मध्ये डिजिटेक गॅलक्सस या ऑनलाइन व्यवसायात मिग्रोने बहुसंख्य हिस्सा घेतला. आज तो देशातला अग्रगण्य ऑनलाइन बाजार आहे. मेडबेसच्या रूपाने आरोग्यसेवेतही काम वाढले. मोंते जेनेरोसोच्या माथ्यावर २०१७ मध्ये मारिओ बोत्ता यांची ‘दगडी फूल’ ही वास्तू उभी राहिली. २०१९ मध्ये उर्सुला नोल्ड शिखर संघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. कोविड महासाथीच्या काळात गल्ल्यावरच्या आणि गोदामातल्या कर्मचाऱ्यांनी देशाचा शिधापुरवठा अखंड चालू ठेवला, हे विसरून चालणार नाही.

२०२२ मध्ये सभासदांपुढे एक ऐतिहासिक प्रश्न आला. मिग्रोच्या दुकानांत मद्य विकायचे का? उपविधी बदलण्यासाठी दोन-तृतीयांश मते लागणार होती. पत्रिका घरोघर गेल्या आणि निकाल निःसंदिग्ध आला. दहाच्या दहा प्रादेशिक संस्थांच्या सभासदांनी बदल नाकारला; एकाही संस्थेत साधे बहुमतसुद्धा मिळाले नाही. मोठी उलाढाल खुणावत असताना मालकांनीच नको म्हटले. संस्थेची खरी मालकी कोणाकडे आहे, याचे याहून स्पष्ट उत्तर इतिहासात सापडणार नाही.

गेली काही वर्षे फेररचनेची गेली. ग्लोबुस २०२० मध्ये विकले गेले. २०२४ पासून खेळाचे साहित्य आणि विजेची उपकरणे यांची खास दुकाने दुसऱ्यांच्या हाती सोपवण्यात आली किंवा बंद झाली. हॉटेलप्लानही डेरटूर समूहाकडे गेले. अनेक सहकाऱ्यांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या सेवेची नोंद या इतिहासात आदराने व्हायलाच हवी. याच काळात दुकानांचे मध्यवर्ती काम एकत्र करणारी मिग्रो सुपरमार्केट ही कंपनी कार्यरत झाली. रोजच्या किराण्यावर पुन्हा लक्ष केंद्रित करायचे, हजारो वस्तूंचे भाव उतरवायचे, १४० नवी दुकाने उघडायची आणि साडेतीनशे दुकानांचे नूतनीकरण करायचे, असा संकल्प आहे.

आजचे कार्य

आज मिग्रोच्या दहा प्रादेशिक संस्था आहेत : आरे, बाझेल, जिनिव्हा, ल्युत्सेर्न, न्यूशातेल-फ्रिबूर, पूर्व स्वित्झर्लंड, टिचिनो, व्हो, व्हॅले आणि झुरिक. प्रत्येकीचे सभासद, संचालक आणि ताळेबंद वेगळे आहेत. आपल्या भागातली दुकाने त्या चालवतात, स्थानिक शेतकऱ्यांचा माल घेतात. एकत्रित खरेदी, कारखाने आणि मोठे प्रकल्प झुरिकच्या लिमाटप्लात्स येथील शिखर संघ पाहतो. देशात राहणाऱ्या कोणालाही विनामूल्य सभासद होता येते. नोकरी-शिक्षणासाठी झुरिक, बाझेल, जिनिव्हाला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा हक्क आहे. सभासदाला लाभांश मिळत नाही. त्याचा लाभ भावात, दर्जात आणि ‘संस्कृतीच्या टक्क्या’त असतो. दरवर्षी ताळेबंद मंजुरीसाठी त्याच्या घरी मतपत्रिका येते.

रुश्लिकोन, बर्नजवळचा गुर्टेन डोंगर, लेमान सरोवरावरचे सिन्याल द बुझी अशी उद्याने आजही सर्वांसाठी विनामूल्य खुली आहेत. क्लबशाळांत भाषा, कला आणि संगणकाचे वर्ग भरतात.

समारोप

शंभर वर्षांकडे मागे वळून पाहिले तर एक सूत्र ठळकपणे दिसते. मिग्रो जेवढी नफ्यामुळे वाढली, तेवढीच सोडून दिलेल्या नफ्यामुळेही वाढली. मद्य आणि तंबाखू सोडले, मधली दलाली सोडली, मालकी सोडली, उलाढालीतला ठरावीक वाटा दरवर्षी समाजासाठी सोडला. या प्रत्येक त्यागाने गिऱ्हाइकाचा विश्वास वाढवला आणि त्या विश्वासावरच व्यापार मोठा झाला. डुटवाइलर दांपत्य, डॉ. गासर, नंतरचे सर्व पदाधिकारी, गाडीचालक, गवळी, बेकर, गोदामकामगार, गल्ल्यावरचे कर्मचारी आणि घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या लाखो गृहिणी हे सर्व या शतकाचे सारखेच धनी आहेत.

दुसऱ्या शतकात स्पर्धा तीव्र होईल, खरेदीच्या रीती बदलतील, काही दुकाने बंद होतील आणि काही नवी उघडतील. संस्था मात्र १९४१ च्या दानपत्रावर उभी आहे आणि तिचे रक्षण सभासदाच्या मतावर अवलंबून आहे. म्हणून शतकमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक सभासदाला एकच विनंती : घरी आलेली मतपत्रिका बाजूला टाकू नका, वाचा, विचार करा आणि मत द्या. ग्राहक जागा आहे तोवर मिग्रो त्याचीच राहील.